निकोडेमसची घरे

अमेरिका म्हटली की उंचउंच इमारती डोळ्यांपुढे येतात. आज ज्या गावाविषयी सांगणार आहे, तिथली पहिली घरे जमिनीच्या वरदेखील नव्हती.

हे गाव निकोडेमस. कॅन्सस राज्यातल्या ग्रॅहॅम काउंटीतले. मुलूख गवताचा, झाड औषधालाही मिळायचे नाही. 1865 साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण कृष्णवर्णीयांच्या हाती जमीन आली नाही. मात्र 1862 च्या कायद्यान्वये जो पाच वर्षे जमीन कसून तिच्यावर घर करून राहील, त्याला 160 एकर सरकारी जमीन मिळे. (ती सरकारची कशी झाली, हे तिथल्या मूळ रहिवाशांना विचारावे!) त्या आशेने 1877 च्या सप्टेंबरात केंटकीहून सुमारे तीनशे माणसे इथे आली.

पुढच्या वर्षी विलिआना हिकमन नावाची बाई मुलाबाळांसह आली. एलिस स्टेशनापासून दोन दिवसांची वाट. "गाव कुठं आहे?" असे तिने विचारले, तेव्हा लोकांनी जमिनीतून निघणारा धूर दाखवला. बाईला रडूच आले. आणि का येऊ नये? घर म्हणजे उतारावर खणलेला खड्डा, पुढे गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांची भिंत, वर चुलीचे धुराडे. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी मांस दिले म्हणून माणसे तगली, असे तिथे सांगतात. कित्येकजण परत गेले. जे राहिले, त्यांचा जमिनीवरचा हक्क त्या खड्ड्यात राहूनच शाबीत झाला.

मग गाव वर आले. चुनखडी दगडाची घरे, 1881 चे हॉटेल, 1885 चे प्रार्थनामंदिर. रेल्वे यावी म्हणून गावाने 16 हजार डॉलरचे कर्जरोखेही मंजूर केले. पण 1888 साली रूळ पडले ते नदीपलीकडे, आणि दुकानदार रुळांमागे गेले. तिथून गावाला ओहोटी लागली.

1996 साली निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. जुन्या पाच इमारती जपल्या आहेत. त्या जपाव्यातच. पण मला विचाराल, तर शेतातल्या उत्खननात जमिनीतल्या एका घराचे अवशेष सापडले, त्यांची किंमत अधिक. आता वस्ती मूठभर आहे. दर जुलैअखेर मात्र दूरदूरचे वंशज गावी येतात, आणि 1939 च्या दगडी सभागृहापाशी पुन्हा गर्दी होते.