रेणूचा शिंपी: डॉ. श्रीधर गद्रे

भंडाऱ्याहून बोलतोय. हेडफोन लावलाय ना? ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं इथे लिहून देतोय.

मागच्या भागानंतर तुमसरहून मेसेज आला, “दादा, बीएस्सी केमिस्ट्री झाली. लॅब नाही, सुपरकॉम्प्युटर नाही. आपल्याले काय जमन?” घरचे म्हणतात दुकानात बस. प्रश्न खरा आहे, म्हणून आज पुण्याच्या एका माणसाची गोष्ट.

डॉ. श्रीधर गद्रे पुणे विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९३ मध्ये भटनागर पुरस्कार. काम काय? रेणू परीक्षानळीत न घेता कॉम्प्युटरवर समजून घेणं.

अडचण अशी, की क्वांटमच्या साध्या पद्धतीतही रेणू दुप्पट केला की हिशेब कागदोपत्री सोळा पट होतो. त्याहून अचूक पद्धतींत बत्तीस पट किंवा त्याहूनही जास्त. मशीन थकतं. मग मोठं मशीन मिळेपर्यंत थांबायचं का?

गद्रे आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये वेगळी वाट मांडली. तिचं नावच शिंप्याच्या कामावरून आहे: मॉलिक्युलर टेलरिंग. मोठा रेणू कापा, तुकड्यांचा हिशेब वेगवेगळा करा, मग जोडा.

पण कापलेल्या टोकाला आपला शेजारी कोण हे कळत नाही, म्हणून तिथलं उत्तर चुकतं. उपाय? तुकडे एकमेकांवर चढते ठेवायचे आणि तुटलेल्या टोकांना हायड्रोजन लावायचा. जशी कापडाची कड दुमडतो.

आता धानाची बांधी डोळ्यापुढे आणा. दोघांनी मोजली, मधला पट्टा दोघांच्याही मोजणीत आला. बेरीज करा, पट्टा एकदा वजा करा. बस्स! एवढंच गणित. छोटे तुकडे साध्या कॉम्प्युटरांवर वाटून देता येतात.

फुकटात काही नाही हं. तुकडे फार लहान केले तर चूक वाढते. कुठे कापायचं, हे रसायनशास्त्र येणाऱ्यालाच कळतं.

आणि १९६४ मध्ये हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी अमेरिकेत द्रव आर्गॉनचे फक्त ८६४ अणू कॉम्प्युटरवर हलवून दाखवले. तुझ्या खिशातला फोन त्या मशीनपेक्षा कितीतरी वेगवान आहे.

तर तुमसरच्या मित्रा, दुकानात बसणं वाईट नाही. पण “मशीन नाही” म्हणून बसू नको. ग्रोमॅक्स, लॅम्प्स हे प्रोग्राम मोफत आहेत. कॉलेजच्या पीसीवर पाण्याचे दोनशे रेणू हलवून बघ. आवडलं, तर एमएस्सीच्या जॅम परीक्षेचा फॉर्म भर. नाही आवडलं, तरी कारण तुझं स्वतःचं असेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!