अळिंबीच्या खोलीतील हवा आणि उष्णता

(महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले भाषण)



काड कसे भिजवावे, बियाणे कसे पेरावे आणि पिशव्या कशा भराव्यात, याची माहिती कृषी तज्ज्ञांनी आपणांस दिलेलीच आहे. मी कृषिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. माहिती अधिकारी या नात्याने गावोगाव हिंडताना जे पाहिले आणि जाणकारांना विचारून जे समजून घेतले, त्यापैकी एकच विषय आज आपल्यापुढे मांडणार आहे. ज्या खोलीत धिंगरी अळिंबी वाढते, त्या खोलीतील हवा आणि उष्णता हा तो विषय होय.

तो निवडण्यास कारण घडले. गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका अवर्षणप्रवण तालुक्यातील गावी जाण्याचा योग आला. तेथील दहा भगिनींच्या गटाने बँकेचे कर्ज काढून पत्र्याच्या खोलीत अळिंबी लावली होती. ओलावा हा अळिंबीचा प्राण आहे, असे कोणीतरी त्यांना सांगितले होते. त्यांनी भिंतींना आतून प्लॅस्टिकचा कागद लावला, खिडक्या गोणपाटांनी बुजवल्या आणि दार दिवसातून दोनदाच, तेही पाणी मारण्यापुरते उघडले. पिशव्यांवर पांढरे तंतू छान चढले. पण पुढे जे आले ते बोटाएवढे लांब देठ आणि त्यांच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढी छत्री. वरच्या रांगेतील पिशव्यांवर तर हिरवी बुरशी आली. प्रथम बियाण्याला दोष दिला गेला आणि नंतर पाणी मारणाऱ्या भगिनीला. तिने गटाच्या बैठकीस येणेच सोडले होते. वास्तविक त्याच खेपेचे बियाणे शेजारच्या गावी गवती छपराच्या जुन्या गोठ्यात उत्तम फुलले होते. बियाणे निर्दोष होते आणि ती भगिनीही निर्दोष होती. दोष कोंडलेल्या हवेचा होता.

अळिंबी ही वनस्पतीसारखी दिसत असली तरी सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करीत नाही. ती काड कुजवून त्यावर जगते. आपल्याप्रमाणेच ती प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि हे करताना तिच्यातून ऊबही बाहेर पडते. शेणखताच्या उकिरड्यात हात घातला असता जी ऊब लागते, तिचीच ही सौम्य जात. म्हणूनच तंतू वाढत असताना पिशवीच्या पोटातील उष्णतामान खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक असते. खोलीतील तापमापक ३० अंश सेल्सिअस दाखवीत असेल, तर पिशवीच्या गाभ्यातील तंतू त्याहून बऱ्याच तापलेल्या जागी आहेत, हे ध्यानात घ्यावे. पिशवी फार मोठी भरली किंवा पिशव्या एकमेकींस चिकटवून टांगल्या, की ही ऊब आतच साचते. दोन पिशव्यांत वीतभर अंतर ठेवण्यास सांगतात ते याचसाठी. ती जागेची उधळपट्टी नव्हे.

पहिल्या पंधरा-वीस दिवसांत, म्हणजे तंतू काडात पसरत असताना, कार्बन डायऑक्साइड बराच वाढला तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. त्या काळात शत्रू आहे तो उष्णता. पिनांसारखे कोंब दिसू लागले की मात्र परिस्थिती पालटते. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. खोलीत त्याचे प्रमाण याच्या दुप्पट-तिप्पट झाले, की देठ लांबतात आणि छत्री खुरटते. तो मोजण्याचे यंत्र घेणे आपल्यास परवडणारे नाही आणि त्याची आवश्यकताही नाही, कारण लांब देठ हीच अळिंबीने दिलेली सूचना होय.

मग खोली कोंडून घेण्याची कल्पना आली कोठून? माझ्या मते ती बटण अळिंबीच्या माहितीतून आली असावी. बटण अळिंबीस फळे येण्याच्या काळात १४ ते १८ अंश इतका गारवा लागतो. म्हणून मोठे उत्पादक बंदिस्त, वातानुकूलित खोल्या बांधतात. परंतु त्या खोल्यांत ताजी हवा पुरविणारी यंत्रेही असतात. आपल्या लोकांनी बंद खोली तेवढी उचलली, यंत्र राहून गेले. धिंगरीची गोष्ट निराळी आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ च्या सुमारास भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढविण्याची पद्धत बसविण्यात आली. ती साध्या झोपडीतही चालते, हेच तिचे मोठेपण. आपल्याकडे घेतल्या जाणाऱ्या जातींना साधारणतः २० ते ३० अंश उष्णतामान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता पुरते.

उष्णता रोखावयाची तर सुरुवात छपरापासून करावी. पत्रा दुपारी तापतो आणि त्याची झळ थेट वरच्या रांगेस लागते. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा, त्यावर नारळाच्या झावळ्या, उसाचे पाचट किंवा तुराट्या पसराव्यात आणि शक्य असल्यास आतून बांबूच्या तट्ट्याचे छत असे करावे की पत्रा आणि छत यांमध्ये हवा खेळती राहील. पाचट वाळले की पेट घेते. चूल किंवा विजेची उघडी तार जवळ नसावी. तापमापक कमरेच्या उंचीवर न लावता सर्वांत वरच्या रांगेशेजारी लावावा. कित्येक ठिकाणी तो दाराजवळ टांगलेला असतो, आणि तेथे तो बिचारा नेहमीच शुभवर्तमान देत असतो! प्रकाशासाठी जुन्या धाटणीचे तारेचे दिवे लावू नयेत. शंभर वॅटचा असा दिवा म्हणजे जवळजवळ शंभर वॅटची शेगडीच होय. एलईडी दिवा पुरेसा आहे.

तापलेली हवा वर चढते. म्हणून एका भिंतीत छपरालगत झरोका ठेवावा आणि समोरच्या, सावलीकडील भिंतीत जमिनीपासून हातभर उंचीवर दुसरा. दोन्हींना मच्छरदाणीची बारीक जाळी हवीच, नाहीतर चिलटांचा उपद्रव होतो. एवढ्याने भागत नसेल तर वरच्या झरोक्यात लहान एक्झॉस्ट पंखा बसवावा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलीत ९६० घनफूट हवा मावते. कोंब आल्यावर ती तासात पाच वेळा बदलावयाची म्हटले, तर ४,८०० घनफूट हवा हलवावी लागेल. मिनिटाला ४०० घनफूट हवा काढणारा पंखा असेल, तर तासात बारा मिनिटे पुरतात. ती सलग न देता तीन-तीन मिनिटांच्या चार हप्त्यांत द्यावीत, म्हणजे ओलावा एकदम उडून जात नाही.

ओलाव्याविषयी आपणा सर्वांच्या मनात शंका असणार, की हवा खेळली तर खोली कोरडी पडेल. खालच्या झरोक्यावर ओले गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा सोडला, की आत येणारी हवा ओली आणि गार होऊनच येते. मात्र येथे प्रदेशाचा विचार केला पाहिजे. मराठवाडा-विदर्भातील कोरड्या हवेत या उपायाने उष्णतामान आठ-दहा अंशांनीही उतरू शकते. कोकणात हवाच ओली असल्याने दोन-तीन अंशांपलीकडे लाभ होत नाही. पावसाळ्यात तर तेथे गोणपाट काढूनच ठेवावे आणि सगळा भर हवा बदलण्यावर द्यावा. सतत ओल्या राहणाऱ्या छत्रीवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. पाणी मारल्यावर अर्धा तास झरोके उघडे ठेवून छत्रीवरील पाणी सुकू द्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रकृतीशी संबंधित आहे. छत्री पूर्ण उमलून कडा वर वळली, की तिच्यातून अतिसूक्ष्म बीजाणू धुरासारखे उडतात. कोंडलेल्या खोलीत ते श्वासावाटे जातात आणि काहींना खोकला, दमा किंवा ताप यांचा त्रास होतो. म्हणून कडा वळण्यापूर्वीच तोडणी करावी, आधी खोलीची हवा बदलून घ्यावी आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. दम्याचा विकार असलेल्या भगिनीने तोडणीऐवजी काड कापण्या-भरण्याचे काम घ्यावे, असेही मी म्हणणार नाही. काडाची धूळही बाधते. तिने हिशेब आणि विक्री पाहावी.

एवढे करूनही एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची खोली ताब्यात राहत नसेल, तर ते दोन महिने पीक घेऊ नये. कर्जाचे हप्ते ठरविताना बँकेला हे आधीच सांगावे. वर्षाचे बाराही महिने उत्पन्न दाखविणारा तक्ता कागदावर सुंदर दिसतो, एवढेच. मघाशी सांगितलेल्या गटाने प्लॅस्टिक उतरवले, छपरावर पाचट टाकले आणि पावसाळा सुरू झाल्यावर थोड्याच पिशव्या लावून पुन्हा आरंभ केला. पाणी मारण्याचे काम त्याच भगिनीकडे आहे.

कोरड्या आणि ओल्या पाऱ्याचे दोन तापमापक मी सोबत आणले आहेत. आपल्याला हव्या असलेल्या उष्णतामानात दोहोंत दोन अंशांच्या आसपास फरक असला, तर आर्द्रता ठीक आहे असे समजावे. ते कसे वाचावयाचे हे आता आपण प्रत्यक्षच पाहू. पुढच्या रांगेतील भगिनींनी जरा जवळ यावे.