डोंगरवाल्यांच्या गप्पा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला गिर्यारोहणावर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी डोंगर चढते ती बसत बसत. त्यावर व्याख्यान काय देणार?" त्या ऐकेनात. शेवटी तडजोड झाली. डोंगर कसा चढावा हे जाणत्यांनी सांगावे. डोंगर चढणारी माणसे आपापसांत काय बोलतात, ते मी सांगावे. गप्पा ऐकण्यात मी कोणाला हार जाणारी नाही, हे आपण जाणताच.

आपण पंचवटीची माणसे डोंगरांच्या शेजारात राहतो. गच्चीवर पापड वाळत घालताना मान वर केली की म्हसरूळच्या चांभारलेण्यांचा डोंगर दिसतो. पेठ रस्त्याने थोडे पुढे गेले की रामशेज. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि तो लहानसा किल्ला पाचएक वर्षे झुंजला. आपल्या शहरात वैनतेयसारखी गिर्यारोहणाची संस्था आहे. एवढे सारे उशाशी असून पन्नाशीपर्यंत मी सप्तशृंगीच्या पायऱ्यांखेरीज काही चढले नव्हते.

माझा भाचा डोंगरांचा वेडा. त्याची मंडळी गुरुवारी संध्याकाळी गंगेवर चहाला जमतात. कोणी बँकेत, कोणी सातपूरच्या कारखान्यात, एक शाळेतल्या बाई, एक औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी. एकदा देवदर्शन करून येताना भाच्याने हाक मारली, "मावशी, चहा घ्या." मी बसले, ती आजतागायत बसते आहे.

पहिल्या दिवशी मला वाटले, ही मंडळी शिवणवर्गातली आहेत. कोणी पदराविषयी बोलत होता, कोणी नेढ्याविषयी, कोणी टाक्यांविषयी. मागाहून उलगडा झाला. डोंगराच्या मधल्या उंचीवर झाडीची सपाटी असते, तिला पदर म्हणतात. कड्याला आरपार भोक असले तर ते नेढे. रतनगडाच्या माथ्यावर असे एक आहे. आणि टाके म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा साठा. आपलेच घरातले शब्द डोंगरावर जाऊन बसलेले पाहून मला परकेपणा वाटेनासा झाला.

बाकी गप्पा साध्याच. कोणाचे बूट फाटले, कोणत्या गावाची शेवटची एस. टी. किती वाजता सुटते, कोणत्या टाक्याचे पाणी यंदा आटले. एकाने सांगावे, अमुक कड्यावर आग्या मोहोळ बसले आहे. तिकडे अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका. दुसऱ्याने सांगावे, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने उभे राहू नये. हे कोणी शिकवीत नसते. चहा गार होईपर्यंत बोलणे चालते, आणि त्यात पुढच्या रविवारी कोणाचा तरी पाय वाचतो.

पण या बैठकीत मी जे खरोखर शिकले ते निराळेच आहे.

या मंडळींबरोबर मी हरिहर किल्ल्यावर गेले. तुम्ही त्याची चित्रे पाहिली असतील. कातळात खोदलेल्या शिडीसारख्या उभ्या पायऱ्या, आणि बोटे रुतवायला त्यांत खोबणी. उतरताना तोंड दगडाकडे आणि पाठ दरीकडे ठेवावी लागते. मध्यावर माझे पाय लटपटू लागले आणि मग जागचे हलेनात. डोळ्यांपुढे काजवे चमकले. भाचा खाली होता. त्याने माझे पाऊल हाताने धरून एकेका पायरीवर ठेवले. "मावशी, डावा. आता उजवा." असे मला खाली आणले. घरी आल्यावर मी सर्वांना सांगितले, फार मजा आली!

पुढच्या गुरुवारी त्या मंडळींतले वडीलधारे, तीस वर्षे डोंगरांत घालवलेले काका, आपण एका सुळक्यावरून परत कसे फिरलो ते सांगत होते. माथा पंधरा हातांवर होता. दोर अडकवण्यासाठी खिळा ठोकला, तो दगडाचा आवाज पोकळ आला. ते उतरले. मला वाटले, आता थट्टा होणार. थट्टा झाली नाही. एकाने एवढेच विचारले, "काका, कोणत्या बाजूचा दगड?" आणि वहीत टिपून घेतले.

ते ऐकून मला धीर आला आणि हरिहरची खरी हकीकत मी सांगून टाकली. शाळेतल्या बाईंनी विचारले, "मावशी, सकाळपासून पाणी किती प्यायला होता?" मी गप्प. भगिनींनो, प्रवासाला निघताना आपण पाणी का पीत नाही, ते या सभेत फोडून सांगायला नको. त्या बाईंना ते कळले. तेव्हापासून मोहीम ठरली की पायथ्याच्या गावात बायकांची सोय कोणत्या घरी होईल, हे आधी विचारले जाते. मी गप्प राहिले असते तर माझ्यामागून येणाऱ्या मुलीही तहानलेल्याच चढल्या असत्या.

आता आपल्या मंडळाकडे वळते. गेल्या हिवाळ्यात आपली सहल रामशेजला गेली होती. त्या दिवशी एकादशी होती. आपल्या एका भगिनीला पायथ्यापासूनच गरगरत होते. पोटात चहाखेरीज काही नव्हते, रक्तदाबाची गोळी घ्यायची राहिली होती. सर्वांचा विरस नको म्हणून त्या बोलल्या नाहीत आणि पायऱ्यांवर कोसळल्या. दोघींनी वेळेवर सावरले म्हणून निभावले. त्यांच्या संमतीनेच हे सांगत आहे. पण चूक त्यांची एकटीची नव्हती. मी त्यांच्या शेजारून चालत होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता, आणि विचारले नव्हते. गुरुवारच्या चहावर जे शिकले ते रविवारी विसरले.

कळसूबाईची कथा आपण ऐकली आहे. १६४६ मीटर उंचीचे ते महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. कळसू पाटलाघरी राहिली तेव्हा तिने आधीच सांगितले होते, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. घरच्यांनी ते मनावर घेतले नाही, कामे तिच्या गळ्यात घातली, आणि ती डोंगरावर निघून गेली. बाई बोलत नाही असे नाही. बोललेले ऐकणारे कोणी लागते.

जपानच्या जुन्को ताबेई यांना तसे कोणी मिळाले नाही, म्हणून त्यांनी १९६९ साली बायकांचेच गिर्यारोहण मंडळ काढले. पैसे अपुरे, तेव्हा मोटारीच्या आच्छादनाचे कापड कापून त्यांनी हातमोजे शिवले. १९७५ साली हिमकडा कोसळून त्यांचा तंबू गाडला गेला. शेर्पांनी त्यांना ओढून काढले, आणि बारा दिवसांनी, १६ मे रोजी, त्या एव्हरेस्टच्या माथ्यावर उभ्या राहिल्या. तेथे पोचणारी ही जगातली पहिली स्त्री. घरी तिची तीन वर्षांची मुलगी होती. सुई हाती धरणारे मंडळ कोठवर जाऊ शकते, ते पाहा. पुढे १९८४ साली आपल्या बचेंद्री पाल आणि २००९ साली महाराष्ट्राची कृष्णा पाटील तेथे पोचल्या.

आपल्याला एव्हरेस्टवर जायचे नाही. माझी विनंती लहान आहे. आपल्या मासिक सभेत हिशेब आणि ठराव होण्यापूर्वी पाव तास नुसत्या गप्पांसाठी ठेवावा. त्यात कोणी "मला जमले नाही," "मला भीती वाटली," "मला बरे नव्हते" असे म्हणाली, तर "इश्श, त्यात काय!" असे कोणी म्हणू नये. त्या डोंगरवाल्यांसारखे एवढेच विचारावे, "कोठे? केव्हा? आम्ही काय करू?"

पुढच्या सहलीत माझ्या शेजारून जी चालेल, तिला मी पायथ्याशीच विचारीन.