मुलींची शिबिरे आणि आपली घरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अड्यार येथे भरलेल्या पालक-मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी पालकांशी चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही कार्यकारिणीचे आभारी आहोत. आपल्या मुली गाइडच्या पथकात, राष्ट्रीय छात्रसेनेत, एखाद्या युवा मंडळात किंवा उन्हाळी शिबिरात जातात, तेव्हा घराने त्यांच्या पाठीशी कसे उभे राहावे, एवढाच आजचा विषय आहे.

ज्या अड्यारमध्ये आपण जमलो आहोत, त्या अड्यारचा या विषयाशी जुना ऋणानुबंध आहे. १९१७ साली मार्गारेट कझिन्स, डोरोथी जिनराजदास आणि अ‍ॅनी बेझंट यांनी येथेच विमेन्स इंडियन असोसिएशनची स्थापना केली. त्याच सुमारास, सरकारमान्य बालवीर चळवळीची दारे भारतीय मुलांना बंद असताना, बेझंटबाईंनी मद्रासमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र बालवीर संघटना उभारली. पुढे कझिन्सबाईंच्या आवाहनातून जानेवारी १९२७ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अखिल भारतीय महिला परिषद भरली. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई तिच्या अध्यक्षस्थानी होत्या. विषय होता मुलींचे शिक्षण, आणि त्या शिक्षणाच्या वाटेवरची सर्वांत मोठी धोंड होती बालविवाह. शाळेत रमलेली मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी पाटीपुस्तक ठेवून सासरी जात असे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. आज ते अठरा आहे.

आता आपल्या घरांत बाराव्या वर्षी मुलीचे लग्न होत नाही. परंतु त्याच वयात तिचे पथक आणि तिचे शिबिर मात्र पुष्कळ घरांत थांबते. स्पष्ट नकार कोणीही देत नाही. “यंदा आठवी आहे”, “क्लासची वेळ जुळत नाही”, “संध्याकाळी आणायला कोण जाणार?”, “नेमक्या अडचणीच्या दिवसांत शिबिर आले तर?” अशा लहान लहान वाक्यांनी ते थांबते. त्याच घरातील मुलगा आठवीत असूनही क्रिकेटला जात असतो. आपण परप्रांतात राहणारी माणसे. आपल्याकडे यात आणखी एक कारण येऊन मिळते. मे महिना आजोळचा. गाडीची तिकिटे आधीच काढलेली असतात, आणि शिबिराच्या तारखा नेमक्या त्याच आठवड्यात येतात.

हे वय हातून जाऊ देणे फार महाग पडते, असे आम्हांस वाटते. तेरा वर्षांच्या मुलीला शरीराचा संकोच वाटू लागतो, मैत्रिणींचे मत घरच्यांपेक्षा मोठे वाटू लागते. अशा वेळी तंबू ठोकणे, पंचवीस जणींचा स्वयंपाक करणे, अनोळखी मुलीशी पटवून घेणे, भांडण झाले तर ते स्वतः मिटविणे, यातून तिला स्वतःच्या बळाची ओळख होते. हे शिक्षण घरात देता येत नाही, कारण घरात आई हाकेच्या अंतरावर असते.

आपल्या आजी-पणजींच्या पिढीने हे ओळखले होते. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत आणि शिबिरांत मराठी मुली मुलांच्या बरोबरीने वावरल्या. सेवा दलाच्या कलापथकातून सुधा वर्दे यांच्यासारख्या तरुणी गावोगाव हिंडल्या. त्या काळी दूरध्वनी घरोघरी नव्हते. घरच्यांनी मुलींना पाठविले, कारण ज्यांच्या हाती मुलगी सोपवायची त्यांना ते ओळखत होते.

विश्वासाचा पाया ओळख हाच आहे, आणि म्हणून आमची पहिली सूचना अशी, की पालकांनी शिबिर ठरण्यापूर्वी संयोजकांना निःसंकोच प्रश्न विचारावेत. रात्री मुलींजवळ कोणत्या स्त्रिया राहणार? स्नानगृहांना आतून कडी आहे काय? पिण्याच्या पाण्याची आणि डॉक्टरांची व्यवस्था काय? चांगल्या संयोजकाला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे मुलगी पाठवू नये. उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर मात्र रोज फोन करून तिचे मन घराकडे ओढू नये.

दुसरी गोष्ट, मासिक पाळीची. आईने तिला आवश्यक ती तयारी शिकवून, सामान बरोबर देऊन निश्चिंत मनाने पाठवावे. त्या चार दिवसांसाठी शिबिर बुडविले, तर आपले शरीर ही एक अडचण आहे, हाच धडा ती घरून शिकते.

तिसरी गोष्ट वडिलांची. आणणे-पोहोचविणे, अर्ज भरणे, समारोपाला उपस्थित राहणे ही कामे त्यांनी आपली मानावीत. वडील येऊन पहिल्या रांगेत बसले, की मुलीला आपले काम मोलाचे वाटते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलगी परतल्यावर “जेवायला काय होते?” एवढे विचारून थांबू नये, तिला स्वस्थपणे बोलू द्यावे. कोणाचे वागणे खटकले असे तिने सांगितले, तर प्रथम तिच्यावर विश्वास ठेवावा. “तूच काही केले असशील” हे वाक्य उच्चारले गेले, की ती पुन्हा काही सांगत नाही. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. पण तिथवर पोहोचण्याची वाट घरातल्या विश्वासातूनच जाते. आणि तक्रार एका माणसाची असेल, तर शिक्षा म्हणून मुलीचे सगळेच बाहेर जाणे बंद करू नये. तसे केले, तर पुढच्या वेळी ती गप्प राहील.

आता मंडळाकडे एक मागणे. जानेवारीतच शिबिरांच्या तारखा मिळवून त्या सभासदांना कळवाव्यात, म्हणजे आजोळची तिकिटे त्या बेताने काढता येतील. जवळ राहणाऱ्या चार कुटुंबांनी आणण्या-नेण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. आणि आपल्या भगिनींपैकी काहींनी गाइड-शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यावे. आपल्या ओळखीची मावशी किंवा काकू शिबिरात आहे म्हटल्यावर किती तरी घरांची चिंता आपोआप हलकी होईल. उन्हाळ्यात पुण्यास जाणाऱ्यांनी आगाऊ विचारून मुलींना तेथील ‘संगम’ अवश्य दाखवावे. १९६६ साली सुरू झालेल्या या जागतिक गाइड केंद्रात देशोदेशीच्या मुली येऊन राहतात. त्यांच्यात एक दिवस आपलीही मुलगी असेल, असे तिच्या मनात आले तरी पुष्कळ झाले.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांनी परक्या मुलुखात आपल्या माणसांना आधार दिला. त्या आधारात आपल्या तेरा वर्षांच्या मुलींचाही वाटा आहे. येत्या मे महिन्यात या मंडळातील एकही मुलगी केवळ ‘आणायला कोण जाणार’ या प्रश्नापायी शिबिराला मुकू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.