पहिल्या कुदळीपूर्वीं

चंदगड तालुक्यांतील पारगड, कलानंदीगड, महिपालगड व गंधर्वगड यांचें महत्त्व कोणास सांगावें लागत नाहीं. परंतु बांधाला टेकलेला वीरगळ, किंवा मातीखालीं दडलेली जुन्या विटांची ओळ, यांची नोंद कोठें असते? नवा रस्ता किंवा कालवा आला म्हणजे पहिला घाव बसतो तो यांच्यावरच.

कायदे मुळींच नाहींत असें नव्हे. १८७८ च्या कायद्यानें जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी कलेक्टरास देणें बंधनकारक केलें. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुढें १९५८ चा केंद्राचा व १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आला. २०१० च्या दुरुस्तीनें राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवतीं १०० मीटरांत नवें बांधकाम निषिद्ध ठरलें व त्यापुढील २०० मीटरांत परवानगी आवश्यक झाली. पुण्याच्या मेट्रोचा मार्ग आगाखान राजवाड्यापासून दूर, कल्याणीनगरकडे वळवावा लागला, तो याच नियमामुळें.

परंतु हें कुंपण ज्ञात वास्तूंभोवतींच आहे. अज्ञाताचा शोध आधीं घ्या, असें हे कायदे बांधणाऱ्यास सरसकट बजावीत नाहींत. ठेव्याची वर्दी द्यावयाची ती सांपडल्यावर. तोंवर थर विसकटलेले असतात, आणि काळ सांगतात ते थरच. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं थराथरानें खोदकाम केलें, म्हणूनच तेथील सातवाहनकालीन वस्ती उलगडली.

मनावर घेतल्यास काय साधतें, तें आंध्रांत दिसलें. नागार्जुनसागर धरणाचें पाणी चढण्यापूर्वीं, १९५४ ते १९६० या काळांत, नागार्जुनकोंड्याचें खोरें खोदून अभ्यासण्यांत आलें व निवडक अवशेष टेकडीवर हलविण्यांत आले. युरोपांत तर १९९२ च्या व्हॅलेटा करारानें अशा संशोधनाच्या खर्चाची तरतूद बांधकामाच्या योजनेंतच करावी, असें तत्त्व घालून दिलें.

जांबरे व जंगमहट्टी येथें पाणी अडलें, त्यानें शेतें भिजलीं. पाणी हवेंच, रस्ताहि हवाच. परंतु योजनेचे नकाशे निघतांना गांवोगांवच्या वीरगळांची, सतीशिळांची व जुन्या पांढरींची यादी, सर्व्हे नंबरासह, ग्रामपंचायतीनें पुढें ठेविली तर कालव्याची रेघ चार हात सरकविणें अवघड नाहीं. कालवा चुकला तर पुन्हां खोदतां येतो. मोडलेला थर पुन्हां रचतां येत नाहीं.