शेतीशाळेचा हिशेब काट्यावर मागा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



मृगाचा भरवसा संपला. पेरले की पाऊस दडी मारतो आणि बोंडे फुटली की नेमका येतो. उभी ज्वारी कणसातच काळी पडते. शहाण्या लोकांनी याला हवामान बदल असे नाव दिले. नाव पडले की योजना येते. योजनेच्या मागे प्रशिक्षण येते, आणि प्रशिक्षणाच्या मागे ते देणाऱ्या संस्था येतात. आज आपण या प्रशिक्षणाचा हिशेब मांडू.

पहिली गोष्ट, हे प्रशिक्षण फुकट नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे आपल्या तोंडातले 'पोकरा', २०१८ साली सुरू झाला. मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा आणि जळगाव असे १५ जिल्हे, ५,१४२ गावे. पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टाही त्यात आला. त्यासाठी जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलर दिले. दान म्हणून नव्हे, कर्ज म्हणून. शेततळे, ठिबक यांच्या अनुदानाबरोबर गावोगावच्या शेतीशाळाही त्यात होत्या. २०२४ साली दुसऱ्या टप्प्याला मंजुरी मिळाली, त्यात २१ जिल्हे आहेत. हे कर्ज सरकारी खजिन्यातून फिटायचे आहे, आणि ट्रॅक्टरच्या डिझेलपासून मिठाच्या पुड्यापर्यंत प्रत्येक खरेदीतून या ना त्या वाटेने त्या खजिन्यात आपला पैसा जातो. तेव्हा शेतीशाळेत आपण पाहुणे म्हणून बसत नाही. पैसे मोजणारे गिऱ्हाईक म्हणून बसतो.

आम्ही प्रशिक्षणाच्या विरोधात नाही. शेतीशाळा ही मुळात फार चांगली कल्पना आहे. ती जन्मली इंडोनेशियात, १९८९ साली, भाताच्या खाचरात. फवारण्या वाढत गेल्या तसा तुडतुडा वाढत गेला, कारण औषधाने त्याला खाणारे कोळी आणि किडेच आधी मेले. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांनाच बांधावर बसवले. पूर्ण हंगामभर, दर आठवड्याला. झाड पाहायचे, किडे मोजायचे, मित्र कोण शत्रू कोण ते ओळखायचे आणि निर्णय शेतकऱ्यांनी घ्यायचा. प्रशिक्षकाने उत्तर सांगायचे नाही, प्रश्न विचारायचा. शेजारी नेहमीच्या पद्धतीचा तुकडा ठेवायचा आणि शेवटी दोन्हींचे पीक मोजायचे. शेतीशाळेचा जीव या मोजण्यात आहे.

आता आपल्याकडे काय होऊ शकते ते पाहा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे देयक कशावर निघते? वर्ग किती झाले, माणसे किती बसली, सह्या आणि फोटो किती, यावर निघत असेल, तर त्या शिवारात हजेरीपटाचे पीक जोरात येणार. कापसाचे येईलच असे नाही. यात संस्थेतली माणसे वाईट असण्याची गरज नाही. ज्याचे पैसे मिळतात त्याचेच उत्पादन होते, हे अर्थशास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको. सहीचे पैसे दिलेत तर सही मिळेल.

आणि शिकवायचे ते काही अवघड नाही. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटर पाणी पडले. ते वावरात मुरले की नाल्याला गेले, एवढाच कोरडवाहू शेतीचा प्रश्न आहे. उताराला आडवी पेरणी करा. कापसाच्या शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी बांधून सरी काढा, खर्च दोरीचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. पण पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाला, आणि ढग काही मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवला आणि रोज सकाळी आत पट्टी घालून पाणी मोजले, तर गावचा पाऊस गावाला कळतो. दुबार पेरणीचे बियाणे वाचवणारा धडा एवढाच आहे.

काही धडे मात्र खर्चाचे असतात. रुंद वरंबा सरीचे यंत्र वर्गात दाखवतात. चांगले आहे. पण वाफसा चार दिवस टिकतो आणि त्या चार दिवसांत सगळ्या गावाला तेच यंत्र लागते. ते भाड्याने मिळत नसेल, पेरणीच्या तोंडावर पीककर्ज हातात नसेल, तर तो धडा कागदावरच राहतो. ज्याच्या गाठीला मागच्या हंगामाचे चार पैसे नाहीत, त्याला नुसत्या सल्ल्यावर हवामानाशी झुंजता येत नाही. कापूस उत्पादनखर्चाच्या खाली विकायला लावायचा आणि जुळवून घ्यायला शिकवायचे, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

आणखी एक. निंदायला बाई, वेचायला बाई, बियाणे जपायला बाई. बोंडातली गुलाबी अळी आधी दिसते तीही वेचणीवाल्या बाईलाच. पण हजेरीपटावर नाव सातबाऱ्यावरच्या बाप्याचे. वर्ग भर दुपारी ठेवला तर मजुरीला जाणारी बाई रोज बुडवून येणार नाही. वेळ तिला विचारून ठरवा.

म्हणून प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत चार ठराव मांडावेत, अशी आमची सूचना आहे.

एक, शेतीशाळेसाठी किती रक्कम मंजूर आहे, कोणाला दिली आणि कशाबद्दल दिली, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे.

दोन, वर्ग पिकाच्या वेळापत्रकाने व्हावेत. पेरणीचा धडा पेरणीआधी आणि बोंडअळीचा धडा पात्या लागताना. मार्चअखेर निधी खर्ची पाडण्यासाठी रिकाम्या वावरात भरलेला वर्ग आम्ही मोजणार नाही.

तीन, शिकवलेल्या पद्धतीचा तुकडा आणि नेहमीच्या पद्धतीचा तुकडा एकाच वावरात शेजारी असावा. दोन्हींचा खर्च लिहावा आणि दोन्हींचे पीक गावासमोर काट्यावर चढवावे.

चार, संस्थेच्या देयकाचा शेवटचा हप्ता या वजनानंतर, शेतीशाळेतल्या शेतकऱ्यांनी होकार दिल्यावरच सुटावा. पीक कमी आले म्हणून पैसे कापा, असे आम्ही म्हणत नाही. पाऊस कोणाच्या हातात नाही. पण वजनच केले नाही, तर पैसे नाहीत.

भावांनो, बाजारात आपला कापूस प्रत्येक जण चिमटीत धरून पाहतो, ओलावा काढतो, धागा ओढतो आणि मगच भाव बोलतो. आपल्याला विकलेल्या शिकवणीचीही तशीच पारख करायची आपल्याला सवय लावावी लागेल. यंदा तुमच्या गावात शेतीशाळा भरली तर जरूर जा. समोर बसा, प्रश्न विचारा. सही करण्याआधी आज काय शिकलो ते चार माणसांत बोला. काही शिकलो नसू, तर सही करू नका.