सरासरी कुणाची?



मी कवितेचा माणूस. बी. ए. झालो, गणित शाळेतच सुटले. ते पुन्हा भेटले शेजारच्या दहावीतल्या मुलामुळे. त्याचे वडील चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. एका संध्याकाळी तो पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "चाचा, मध्य, मध्यक, बहुलक... तिन्ही सारखेच वाटतात. तुम्ही शब्दांतले, फरक सांगा."

मी त्याला पाच जणांचे पगार कल्पनेने लिहायला लावले : १४, १५, १५, १६ हजार आणि साहेबांचे ९०. बेरीज दीड लाख, भागिले पाच, म्हणजे ३० हजार. हा मध्य, आपली रोजच्या बोलण्यातली सरासरी. चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधला आकडा १५ हजार, तो मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा, इथे तोही १५ हजारच, तो बहुलक.

मुलगा म्हणाला, "पण चाचा, तीस हजार तर कुणालाच मिळत नाहीत!"

म्हटले, "म्हणूनच शब्द तीन आहेत, बेटा."

पुस्तकात याला सांख्यिकी म्हणतात, विद्यापीठात संख्याशास्त्र. पुणे विद्यापीठात १९५३ साली हा विभाग सुरू झाला, वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली. या शास्त्रातले 'सरासरी' आणि 'नमुना' हे शब्द फारसीतून आले आणि मराठीच होऊन गेले.

'नमुना' मी भोसरीत शिकलो. तरुणपणी एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीला होतो. खोक्यात पाचशे पिना. त्यांतल्या वीस उचलायच्या, मायक्रोमीटर लावायचा. मी सोयीने वरच्याच उचलल्या. माल पास केला आणि आठवड्याने तो सगळा परत आला. पुस्तकात 'यादृच्छिक' असा अवघड शब्द आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तळाच्या पिनेलाही वरच्या पिनेइतकीच संधी मिळाली पाहिजे. कारखान्यात फक्त कायम कामगारांना पगार विचारला आणि कंत्राटी वगळले, तर ती सरासरी वरच्या पिनांचीच.

मग आली संभाव्यता. फाशाच्या बाजू सहा, म्हणून सहा पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश. पाच वेळा सहा पडला नाही म्हणून आता पडेलच, असे नव्हे. फाशाला मागचे काही आठवत नसते.

मुलाने विचारले, "मग पप्पा पर्मनंट होण्याची संभाव्यता किती?"

मी क्षणभर गप्प झालो. होतील किंवा होणार नाहीत, म्हणजे निम्मी, असे म्हणणे सोपे होते. पण ते खोटे ठरले असते. फाशाच्या बाजू सारख्या असतात, नोकरीच्या नसतात. तिथे आधी मोजावे लागते. म्हटले, "पप्पांबरोबर किती जण लागले आणि त्यांतले किती पर्मनंट झाले, ते विचार."

त्याने वहीचे कोरे पान काढले, दोन रकाने आखले आणि वडिलांची शिफ्ट सुटायची वाट पाहत बसला.